दहा बाय दहाची खोली ते लॉनचा स्टेज: नागपुरात इलेक्ट्रॉनिक संगीत सुरू करणाऱ्यांसाठी

एका भिंतीला पलंग, एका खिडकीत कूलर, कोपऱ्यात टेबल. नागपुरात घरबसल्या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशाच खोलीत होते आणि पहिली खरेदी बहुतेकांची चुकते. सिंथ (विजेवर सूर घडवणारं वाद्य) आधी येतो, नीट ऐकायची सोय मागाहून. पहिले पैसे ऐकण्यावर घाला, त्यानंतरचे बिघाड झाल्यावर सावरण्यावर, आणि उरले तर वाद्यांवर. संगीताच्या सॉफ्टवेअरसोबत येणारे सिंथ पहिली दोन वर्षं पुरून उरतात.

आधी खोली. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट अडकते आणि एक ठरावीक सूर घुमतो. हिशेब शाळेतला आहे: आवाजाचा वेग भागिले लांबीची दुप्पट. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, तेव्हा २० अंश तापमानाला उत्तर येतं ५६ हर्ट्झ. बेसमधली खालची पांढरी सहा ५५ हर्ट्झवर असते, म्हणजे अगदी शेजारी. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच सुरावर घुमतात, त्यामुळे दहा बाय दहा हे माप सगळ्यात वाईट. भिंतीला टेकून ऐकलं की हा सूर फुगतो. खुर्ची मधोमध असली की जवळजवळ गायब होतो. मधोमध बसणारा तो सूर वाढवून ठेवतो आणि गाणं दुसरीकडे वाजलं की बेस तिथेच ढुमढुमतो. पलंगावर भिंतीला टेकून मिक्स करणाऱ्याची (म्हणजे गाण्यातले सगळे आवाज एकमेकांशी तोलणाऱ्याची) गत उलटी.

त्यात नागपूरचं ऊन. गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो. मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की घुमणारा सूर ५८ हर्ट्झवर, म्हणजे काळी पाचवर सरकतो. डिसेंबरात मोजमाप करून लावलेला इक्यू (ठरावीक सूर कमी-जास्त करायची सोय) उन्हाळ्यात भलत्याच जागी कापत बसतो. म्हणून इक्यू लावून खोली सुधारायच्या भानगडीत पडू नका, खोलीची खोड ओळखून ठेवा. साधा साइन आवाज (शिट्टीसारखा, एकाच सुराचा) घ्या, सगळे सूर एकाच जोराने, खालून वर एकेक करून वाजवा. कोणता फुगला, कोणता बुडाला ते कागदावर लिहा आणि कागद टेबलासमोर चिकटवा. दर उन्हाळ्यात आणि दर हिवाळ्यात नवा कागद.

खुर्ची समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे दहा फुटांत पावणेचार फुटांच्या आसपास ठेवा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर (वरचे सूर देणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, जिथे आरसा धरला तर खुर्चीतून स्पीकर दिसतो, तिथे चार इंच जाडीची जुनी कापसाची गादी उभी करा. विदर्भात गादी मिळायला अडचण नाही. ती वरचे आणि मधले सूर शोषते, बेसला मात्र तिचा फारसा उपयोग नाही. बेससाठी घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) चार इंच जाड, दोन बाय चार फुटांच्या पाट्या कापडात गुंडाळून कोपऱ्यांत, भिंतीपासून चार इंच सोडून. निदान चार पाट्या, सहा जमल्या तर उत्तम. अंड्याचे ट्रे लावू नका. त्यांनी बेस हलत नाही आणि पेट मात्र चटकन घेतात.

कूलर हा वेगळाच शत्रू. पंख्याचा सूंऽऽ आवाज वरच्या पट्टीतलं सगळं झाकतो. तो चालू असताना केलेल्या मिक्समध्ये हायहॅट (ड्रमच्या झांजा) टोचणारे होतात आणि रिव्हर्ब (घुमारा) दुप्पट पडतो, कारण तुम्ही कूलरवर मात करायला ते वाढवलेले असतात. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते, म्हणजे तुमचा बेस थेट शेजाऱ्यांच्या घरात. उन्हाळ्यात दुपारी बंद हेडफोनवर रचना करा, संपादन करा. मिक्सचे निर्णय सकाळी सहा ते आठमध्ये कूलर बंद ठेवून, हळू आवाजात घ्या. रहिवासी भागात दिवसाची कायदेशीर मर्यादा ५५ डेसिबल आहे. तेवढ्यात मिक्स होतं, आणि कानही टिकतात.

इंटरफेस (लॅपटॉपला माइक आणि स्पीकर जोडणारी पेटी) घेताना आउटपुट मोजा. दोन आउटपुटचा स्वस्त पडतो, पण पुढे ड्रमरला क्लिक (लयीची टिकटिक) वेगळी द्यायची झाली की अडकता. चार आउटपुटचा आत्ताच घ्या. बेहरिंगर यूएमसी २०४ एचडीला दोन इनपुट, चार आउटपुट आहेत. सॉफ्टवेअरवरून वाद घालणाऱ्यांना घालू द्या. रीपर ६० दिवस पूर्ण सुविधांसह वापरून बघता येतं. एबल्टन लाइव्ह लाइट अनेक कंट्रोलरसोबत (सॉफ्टवेअर हाताने चालवायच्या बटणांच्या पाटीसोबत) मिळतं. त्यात आठच ट्रॅक असतात, पण स्टेजसाठी आठ पुरतात, हे पुढे दिसेलच. बफर (लॅपटॉप आवाज पुढे देण्याआधी जमवतो तो साठा) रेकॉर्डिंगला १२८ ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झला तो एका दिशेने तीन मिलिसेकंदांचा उशीर होतो. मिक्सला ५१२ किंवा १०२४. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे ना ते बघून घ्या. स्क्वेअर वेव्हवर लाइट गेली की स्पीकरमधून भुणभुण सुरू.

सॅम्पल (आवाजांचे तयार तुकडे) विकत घेण्याआधी शहर ऐका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळी-पिवळी मारबतीच्या मिरवणुकीत जो आवाज असतो तो कुठल्याच पॅकमध्ये मिळणार नाही. पण तिथे रेकॉर्डर घेऊन ढोलाला खेटून उभं राहिलं की माइकच आतून फाटतो, आणि गेन कमी करूनही तो फाटलेपणा जात नाही. १५-२० फुटांवर थांबा किंवा एखादी गच्ची गाठा, रेकॉर्डरच्या मीटरवर लेव्हल उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा, वाऱ्यासाठी फोम घाला. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या लयीच्या रेघांवर) ताणू नका, ताणली की आवाज रबरी होतो. प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला कापा आणि तुकडे लयीवर ठेवा. दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा मात्र, दोन सेकंदांचा असला तरी, परवानगीशिवाय प्रकाशित करू नका.

पट्टी ठरवताना स्टेज डोळ्यांसमोर ठेवा. समजा गायिकेची पट्टी काळी एक आहे. सिंथवर सगळ्यात भारदस्त वाटणारी काळी एक ३४.६ हर्ट्झवर असते. हेडफोनमध्ये ती अंगावर येते, पण कॅफेतल्या १२ इंची स्पीकरमधून जवळपास निघतच नाही. बेस एक सप्तक वर, ६९ हर्ट्झवर न्या. खालचा हवाच असेल तर त्यावर थोडं सॅच्युरेशन घाला (आवाज किंचित फाडा), म्हणजे ६९ आणि १०४ हर्ट्झवर त्याची सावली उमटते आणि कानाला खालचा सूर असल्याचा भास होतो. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. ते ऐकू येत नाही, फक्त अँपची ताकद खातं.

आता स्टेज. घरचा ६० ट्रॅकचा प्रोजेक्ट स्टेजवर उघडायचा नसतो. प्रत्येक गाणं आठ भागांत बाउन्स करा, म्हणजे प्रत्येक भागाची एकेक तयार फाइल काढा: किक, बेस, बाकीचा ताल, कॉर्ड, मुख्य धून, गळा, वातावरण आणि एक मोकळा ट्रॅक लाइव्ह वाजवायला. कंट्रोलरला आठ फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या), समोर आठ ट्रॅक. अंधारातही हात चुकत नाही. २४ बिट वेव्ह फायली, ८ किंवा १६ बारचे (चार मात्रांचा एक बार) तुकडे. इथे एक चूक हमखास होते. तुकडा जिथे संपतो तिथे रिव्हर्बची शेपटी तुटते आणि लूप फिरताना दरवेळी टिक ऐकू येते. उपाय: तोच तुकडा सलग दोनदा वाजवून बाउन्स करा आणि दुसरी फेरीच कापून घ्या. पहिल्या फेरीची शेपटी दुसरीच्या डोक्यावर आपोआप बसते.

फेडरला ‘पिकअप’ मोड लावा, नाहीतर पुढच्या गाण्यात हात लावताच आवाज उडी मारतो. एबल्टनमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ करून फायली लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर ठेवा. घरी सीपीयू मीटर ४० टक्क्यांच्या खाली हवा, कारण मेमधल्या लॉनवर रात्री आठलाही हवा तापलेली असते आणि तापलेला लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतो. मग आवाज तडकायला लागतो. दोन इंच उंच स्टँड आणि बाजूला छोटा पंखा एवढ्यानेही फरक पडतो. वाय-फाय, अपडेट, स्क्रीन झोपणं बंद. मास्टर (सगळ्याचा एकत्र आवाज) मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, बाकीचं साउंडवाल्याकडे सोडा.

साउंडवाल्याशी जोडणी हा नवख्यांचा सगळ्यात दुखरा भाग, म्हणून नीट वाचा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्टिरिओ पिन काढून ती मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटला (दोन तारांमधला फरक घेणाऱ्या) लावली, की मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो. किक, बेस, गळा दोन्हीकडे सारखेच असतात, ते गायब. उरतो फक्त पोकळ रिव्हर्ब. तुमच्या स्क्रीनवर मीटर मस्त नाचतायत आणि समोर पोकळी! म्हणून इंटरफेसच्या दोन आउटपुटमधून दोन वेगळ्या बॅलन्स्ड वायरी, दोन चॅनेलवर. एकच चॅनेल मोकळा असेल तर डावा जॅक देऊन मोकळे होऊ नका, उजवीकडचं सगळं जाईल. सॉफ्टवेअरमध्येच मोनो करा, म्हणजे डावं-उजवं एकत्र करा. घरीही दर मिक्स एकदा मोनोत ऐका. रुंद केलेला पॅड (मागे लांबत राहणारे सूर) तिथे नाहीसा होत असेल तर तो लॉनवरही होणार.

घरघर आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे: लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स ही छोटी पेटी टाका आणि त्याचं ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा ‘जुगाड’ कोणी सुचवला तर तिथेच नाही म्हणा, त्यात जीव जातो. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) साधा मल्टिमीटर मिळतो, तो बॅगेत असू द्या. बोर्डवर फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ तीन व्होल्टच्या आत हवं. जास्त असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर काही जोडू नका. इंटरफेस यूएसबीवर चालणारा आणि बॅटरी भरलेली ठेवा. लाइट जाऊन जनरेटर लागेपर्यंत स्पीकर मुके होतात, पण तुमचा सेट चालूच असतो. तेवढ्यात मास्टर खाली आणा आणि स्पीकर जागे झाल्यावर हळूहळू वर न्या. नाहीतर दणका बसतो आणि ट्वीटर जातात.

बॅगेत: जॅक ते एक्सएलआर वायरी चार (दोन जादा), आरसीए ते जॅक दोन, यूएसबी वायर जादा, डीआय बॉक्स, एक्स्टेन्शन बोर्ड, गॅफर टेप. पेनड्राइव्हवर आणि मोबाइलमध्ये पूर्ण सेटचं रेकॉर्डिंग. लॅपटॉप बसला तर ते लावून पुन्हा सुरू करायला चार मिनिटं मिळतात.

वेळ आयोजकाकडून लिहून घ्या. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सवलतीचे दिवस वर्षातून मोजकेच. लॉनवर ९.१५ चा स्लॉट म्हटलं की भाषणं लांबून ९.३० होतात आणि ४० मिनिटांच्या सेटचे ३०च उरतात. म्हणून शेवटचा सीन (एका बटणावर एकत्र सुरू होणारे तुकडे) वेगळा तयार ठेवा: ३२ बारचा, १२० च्या लयीत बरोबर ६४ सेकंदांचा, कुठल्याही गाण्यातून ज्यात उडी मारता येईल असा. त्याचं बटण लाल रंगाचं करा आणि ९.५८ ला दाबा.