कारागृहात धार्मिक आहाराची सोय कशी करावी

कारागृहात संध्याकाळचे जेवण दिवस मावळण्यापूर्वीच वाटले जाते, कारण बराकी बंद होण्याआधी वाटप, भांडी आणि गणती हे सारे उरकावे लागते. हीच वेळ चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचे व्रत, पाळणाऱ्या जैन बंद्याला अगदी सोयीची पडते, आणि रोजा धरणाऱ्या मुसलमान बंद्याला मात्र तेच जेवण ताटात झाकून ठेवून गार झाल्यावर खावे लागते. धार्मिक आहाराचा प्रश्न बहुतेक वेळा महागड्या पदार्थांचा नसतो. तो वेळेचा, भांड्याचा आणि नोंदीचा असतो. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील कारागृहे डोळ्यांसमोर ठेवून कारागृह अधिकारी, भिशीवर म्हणजे कारागृहाच्या स्वयंपाकघरावर देखरेख करणारे कर्मचारी, विधी सेवेचे वकील आणि बंद्यांचे नातेवाईक यांच्यासाठी लिहिले आहे.

अशी सोय म्हणजे अधिकाऱ्यांनी केलेली मेहेरबानी नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट असावे. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेले धर्माचरणाचे स्वातंत्र्य कारागृहाच्या दारात संपत नाही, मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन असते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत धार्मिक उपवास करणाऱ्या बंद्यांना जादा पदार्थ देण्याची, किंवा त्यांच्या जेवणाची वेळ आणि जागा बदलण्याची तरतूद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतही, शक्य असेल तिथवर प्रत्येक बंद्याला आपल्या धार्मिक जीवनाच्या गरजा भागवता याव्यात, असे म्हटले आहे.

पहिले काम: विचारणे आणि लिहून ठेवणे

बंदी दाखल होतो त्या दिवशी त्याची वैद्यकीय तपासणी होते आणि नोंदी घेतल्या जातात. त्याच वेळी त्याला एक साधा प्रश्न विचारावा: “धर्मामुळे आपण कोणता पदार्थ खात नाही, आणि कोणते उपवास धरता?” नावावरून अंदाज बांधू नये. आडनाव मराठा असले तरी गळ्यात तुळशीची माळ असलेला माळकरी मांसाहाराला शिवणार नाही. एखादा मुसलमान बंदी रोजे धरत नसेल. एखादा बौद्ध बंदी शाकाहारी असेल, तर त्याच्या शेजारचा नसेल. बंद्याने सांगितलेले प्रामाणिकपणे सांगितले आहे असे धरून चालावे आणि धर्मगुरूच्या दाखल्याची अट घालू नये, कारण ज्याला मुलाखतीला येणारे कोणी नाही त्याने असा दाखला आणायचा कोठून? माणसाची श्रद्धा आत आल्यावर बदलूही शकते, म्हणून नोंद बदलण्याची मुभा ठेवावी. मात्र दर आठवड्याला बदल होऊ लागला तर भिशीचा हिशेब बिघडतो. तेव्हा महिन्यातून एकदा बदल, असा नियम सर्वांना सारखा लावावा.

जातीच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत देता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात कारागृह नियमावल्यांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि कारागृहाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. काही राज्यांच्या नियमावल्यांत, अन्न ‘योग्य’ जातीच्या बंद्यांनीच शिजवावे, असे नियम तोवर टिकून होते. या निकालामुळे रोजच्या कामासाठी एक सोपी कसोटी हाती येते: ताटात काय आहे, ते कसे शिजवले आणि केव्हा वाढले, याबद्दलची मागणी धार्मिक आहाराची असू शकते, ते अमुक जातीच्या माणसाने शिजवले म्हणून नको, ही मागणी अस्पृश्यता आहे, आणि ती कितीही नम्रपणे मांडली तरी नाकारलीच पाहिजे. भिशीत कामाला कोण जाणार हे आरोग्य, कौशल्य आणि पाळी यांवरून ठरावे. सोवळ्याच्या नावाखाली जात मागच्या दाराने परत येते, म्हणून येथे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे लागते.

भिशीत काय बदलावे

रोजचे जेवण मुळात डाळ, भात, चपाती आणि भाजी असे शाकाहारी असल्यामुळे बऱ्याच गरजा आपोआप भागतात. अडचण येते ती कांदा-लसणाची आणि कंदमुळांची. जैन बंदी कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट खात नाहीत, आणि अनेक वारकरी व वैष्णव निदान चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करतात. यासाठी वेगळी चूल मांडण्याची गरज नाही. डाळ शिजली की फोडणी घालण्याआधी लागेल तेवढे साधे वरण वेगळ्या झाकणाच्या भांड्यात काढून ठेवावे; त्यात मीठ, हळद आणि वरून जिऱ्याची फोडणी पुरते. भाजी बटाट्याची असेल त्या दिवशी दुधी, भोपळा, कोबी किंवा मोड आलेली मटकी यांपैकी एक पर्याय थोड्या प्रमाणात करावा. या भांड्याचा डाव वेगळा ठेवावा आणि त्याला रंगीत खूण करावी, कारण वाटपाच्या घाईत सगळी चूक डावाचीच होते.

पर्युषणात, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जैन बंद्यांना उकळलेले पाणी लागते. काही जण आयंबिल करतात, म्हणजे तूप, तेल, दूध, साखर न घालता दिवसातून एकदाच जेवतात. काही जण अठाई करतात, म्हणजे आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहतात. अठाईची नोंद आधीच झालेली नसेल तर ती निषेधाचे उपोषण समजली जाते आणि एका श्रद्धावान माणसावर शिस्तभंगाची कारवाई ओढवते. म्हणून लांब उपवास करणाऱ्याकडून सुरुवातीची आणि पारण्याची तारीख लिहून घ्यावी, आणि रोज वजन व रक्तदाब तपासावा.

हिंदू बंद्यांच्या उपवासांचे गणित सोपे वाटते, पण तसे ते नाही. वर्षात २४ एकादश्या येतात, अधिक मास असला तर २६, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती संख्या वाढते. शिवाय कधी कधी स्मार्त आणि भागवत एकादशी दोन वेगळ्या दिवशी येते, आणि वारकरी भागवत एकादशी धरतात. तेव्हा उपवासाचा दिवस भिशीने परस्पर ठरवू नये. आदल्या दिवशी प्रत्येक बराकीतून नावे घ्यावीत. संकष्टी, श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि नवरात्र यांसाठीही हीच पद्धत वापरावी. उपवासाला साबुदाणा, भगर, राजगिरा, रताळी, बटाटा, शेंगदाणे, दूध, दही आणि केळी चालतात. ज्या बटाट्यावर एका बंद्याचा उपवास निभतो तोच शेजारच्या जैन बंद्याला वर्ज्य असतो, हे वाटप करणाऱ्याला माहीत असावे. नुसता साबुदाणा पोट भरतो, पण त्यात प्रथिने जवळजवळ नसतात. आदर्श नियमावलीनुसार सामान्य माणसाला दिवसाला २००० ते २४०० आणि कष्टाचे काम करणाऱ्याला किमान २८०० उष्मांक लागतात, म्हणून शेंगदाण्याचा कूट आणि दूध-दही यांत काटकसर करू नये. भगर मात्र सुटी घेऊ नये: दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते आणि दर नवरात्रात महाराष्ट्रात कोठे ना कोठे भगरीतून विषबाधा होते. ती पाकीटबंद घ्यावी, कोरड्या जागी ठेवावी आणि शिजवलेली त्याच दिवशी संपवावी.

शीख बंदी कुठा म्हणजे हलाल पद्धतीचे मांस खात नाहीत, आणि मुसलमान बंद्यांना हलालच लागते. कॅन्टीनमध्ये मांसाहार मिळत असेल तर तो कोणत्या पद्धतीचा आहे हे फलकावर लिहावे. ख्रिस्ती बंदी उपवासकाळात, विशेषतः शुक्रवारी, मांस वर्ज्य करतात. त्यांच्यासाठी शाकाहारी जेवण पुरेसे होते.

रमजानची तयारी

सर्वांत जास्त तयारी रमजानला लागते. चांद्र कालगणनेमुळे हा महिना दरवर्षी १० ते ११ दिवसांनी अलीकडे सरकतो, आणि २०३० मध्ये तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस सुरू होईल, म्हणजे एकाच वर्षात दोन वेळा येईल. सुरुवात चंद्रदर्शनावर अवलंबून असल्याने साठा दोन दिवस आधीच भरलेला असावा, आणि चाँद दिसल्याची बातमी बराकी बंद झाल्यानंतर आली तरी ती रात्रपाळीच्या शिपायाने आत कळवावी. दाऊदी बोहरा बंदी आपल्या ठरलेल्या पंचांगानुसार बहुधा एक-दोन दिवस आधी रोजे सुरू करतात. त्यांची नावे वेगळी घ्यावीत.

सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे जेवण, पहाट फुटण्यापूर्वी संपवायची असते, म्हणून भिशीतील एक पाळी मध्यरात्रीनंतर लवकर सुरू करावी लागते, आणि या पाळीला दिवसा विश्रांती द्यावी लागते. सहरीचे डबे रात्रीच आत देणे हा सोपा मार्ग आहे, पण उन्हाळ्यात भाजी आंबते. त्यामुळे रात्री द्यायचेच झाले तर चपाती, चटणी, खजूर, केळी असे टिकणारे पदार्थ द्यावेत. इफ्तारचे जेवण सूर्यास्ताच्या शक्य तितके जवळ शिजवून उष्णता धरणाऱ्या भांड्यांतून बराकीत पोचवावे. संपूर्ण राज्यासाठी छापलेले एकच वेळापत्रक चालणार नाही: नागपूरचा सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो, आणि रोजा सोडण्याच्या बाबतीत एका मिनिटालाही अर्थ असतो. स्थानिक मशिदीचे वेळापत्रक घ्यावे आणि ते बराकीत लावावे. दिवसभर पाणीही न पिणाऱ्या बंद्यांना दुपारच्या उन्हात जड काम देऊ नये.

मधुमेह, क्षय, अपस्मार असलेले बंदी आणि गरोदर स्त्रिया उपवास धरू इच्छित असतील तर महिनाभर आधी डॉक्टरांची भेट घडवावी, म्हणजे औषधांच्या वेळा सहरी-इफ्तारशी जुळवता येतील. निर्णय समजावून द्यावा, लादू नये. पण इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला उपवासाचा धोका स्पष्ट शब्दांत सांगितलाच पाहिजे. आईसोबत राहणाऱ्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जेवण आईच्या उपवासामुळे कमी होऊ देऊ नये.

बाहेरून येणारे अन्न

१८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या ३१ व्या कलमाने न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, बंद्याला तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून बाहेरून अन्न घेण्याची मुभा दिली, तर ३२ व्या कलमाने ते अन्न दुसऱ्या कोणत्याही बंद्याला देण्यास मनाई केली. याचा परिणाम असा होतो की एकत्र रोजा सोडताना पुढे केलेला खजूरही नियमभंग ठरू शकतो. त्यामुळे एखादी संस्था खजूर किंवा फळे देऊ इच्छित असेल तर ती कोणा एका बंद्याच्या नावे न घेता कारागृहाच्या नावे घ्यावीत, पावती द्यावी, आणि मागेल त्या प्रत्येकाला सारखी वाटावीत.

मागणी लेखी असणे बंद्याच्याच हिताचे असते. २०२२ मध्ये तिहारमधील एका न्यायाधीन बंद्याने, जो त्या वेळी दिल्लीत मंत्री होता, धार्मिक कारणासाठी फळे आणि सुका मेवा मागितला, तेव्हा न्यायालयाने ती मागणी नाकारली आणि आदेशाविना आधी मिळालेली फळे-भाजी ही प्रथमदर्शनी विशेष वागणूक असल्याचे म्हटले. म्हणून अर्ज अधीक्षकांच्या नावे करावा, त्यात पदार्थ, दिवस आणि कारण लिहावे, आणि पोच घ्यावी. लिहिता न येणाऱ्याचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने लिहून द्यावा. उत्तर आले नाही तर अभ्यागत मंडळाच्या, म्हणजे कारागृहाची पाहणी करणाऱ्या मंडळाच्या, भेटीत विषय काढावा, आणि न्यायाधीन बंद्याने आपल्या खटल्याच्या न्यायालयात अर्ज द्यावा. अधिकाऱ्यांनी नकार दिल्यास कारण लिहून द्यावे. शिक्षा म्हणून आहाराची सोय काढून घेऊ नये.

तारखेच्या दिवशी ही सगळी व्यवस्था कोलमडते. न्यायालयात नेलेला बंदी संध्याकाळी उशिरा परततो, तोवर जैन बंद्याची जेवणाची वेळ टळलेली असते आणि रोजेदाराची इफ्तार पोलिसांच्या गाडीतच होते. तारखेची यादी आदल्या दिवशी भिशीकडे पाठवावी, चौविहारवाल्यासाठी चपाती-भाजीचा डबा आणि रोजेदारासाठी खजूर व पाण्याची बाटली सोबत द्यावी, आणि नेणाऱ्या पोलिस पथकाच्या कागदावर तसे लिहावे. दुसऱ्या कारागृहात बदली होते तेव्हाही आहाराच्या नोंदीची प्रत वैद्यकीय कागदांसोबतच पाठवावी.