आरसी विमानाची रेस लावायचीय? आधी वळायला शिका

आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोलवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या क्लबवर नवीन आलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, "किती स्पीड जातं हो हे?" मीही तेच विचारलं होतं. आमच्याकडे एक काका आहेत, कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकलेले, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बॅटरीचा पट्टा आवळत म्हणाले, "स्पीडचं राहू दे रे, तुला डावीकडे नीट वळता येतं का ते सांग." तेव्हा राग आला होता. आता मीच पोरांना तेच सांगतो.

रेस म्हणजे काय, तर मैदानात खांब उभे करतात, पायलॉन म्हणतात त्यांना, आणि विमानं त्यांच्याभोवती घड्याळाच्या उलट्या दिशेने, म्हणजे कायम डावीकडेच वळत फिरतात. आंतरराष्ट्रीय एफ३डी गटात तीन खांबांचा त्रिकोण असतो, एक लॅप ४०० मीटरचा, असे १० लॅप, आणि वरच्या फळीतले पायलट हे ४ किलोमीटर एका मिनिटाच्या आत काढतात. ते आपण व्हिडिओत बघायचं. क्लबवर दोन बांबू, मध्ये १०० मीटर, फोमची विमानं आणि सगळ्यांना सारखीच मोटर-बॅटरी, एवढ्यावर भागतं आणि मजा तेवढीच येते.

जागा आणि कायदा

पुण्यात हे सगळ्यात आधी बघायचं. लोहगावला एअरफोर्सचा बेस आणि विमानतळ एकत्र, खडकवासल्याला एनडीए, हडपसरला ग्लायडिंग सेंटर, वर कॅन्टोन्मेंटचा भाग, त्यामुळे सोसायटीच्या गच्चीवरून किंवा तळजाईवर फिरायला आलेल्या लोकांच्या डोक्यावरून उडवायचा विचारही करू नका. ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेल विमानंही येतात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटच्या नकाशावर आपली जागा कुठल्या झोनमध्ये आहे ते आधी पाहा, ग्रीन असेल तर ४०० फुटांपर्यंत चालतं, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, आणि रेड झोनमध्ये परवानगीशिवाय नाहीच. २ किलोपर्यंतचं विमान हौसेसाठी उडवायला पायलटचं लायसन्स लागत नाही. पोलिसांचे बंदी आदेश मात्र अधूनमधून निघत असतात, तेही बघत जा.

एवढी डोकेदुखी नको असेल तर सरळ क्लब धरा, त्यांनी शेतमालकाशी बोलून जागा आधीच ठरवलेली असते. क्लब कसा शोधायचा? हॉबी शॉपमध्ये जाऊन विचारा, कोण कुठे उडवतं ते दुकानदाराला पाठ असतं. पहिले दोन रविवार रिकाम्या हाताने जा, नुसतं बघा, पडलेलं विमान शोधायला मदत करा. त्यानंतर लोक आपणहून शिकवतात.

विमान घ्यायच्या आधी

ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रेडिओ घ्या, तोही जो माणूस शिकवणार आहे त्याला विचारून, कारण थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, डाव्या स्टिकवर (मोड २) की उजव्या (मोड १) हे गुरूसारखंच असलं पाहिजे, नाहीतर घाईच्या वेळी त्याने तुमचा रेडिओ हातात घेतला की त्याचंही चुकणार. हाच रेडिओ कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर १०-१५ तास घालवा. कंटाळवाणं आहे, माहितीये, पण तिथे पडलेलं विमान एका बटणाने परत येतं.

पहिलं विमान रेसिंगचं नको! पंख वर असलेला, चार चॅनलचा (मोटर आणि तीन दिशांचे कंट्रोल) ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, विकतचा किंवा बायोफोमचा घरी बनवलेला. वायर, कनेक्टर, हीट श्रिंक, सोल्डर असल्या किरकोळ गोष्टींसाठी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक चक्कर मारा. फोमवर साधा फेविक्विक टाकू नका, फोम विरघळतो, मी पूर्ण शेपूट असं घालवलंय, हॉट ग्लू किंवा फोमसाठीचा वेगळा गोंद वापरा.

सुरुवातीची उड्डाणं ट्रेनर केबलवर करा, म्हणजे शिकवणाऱ्याच्या हातात दुसरा रेडिओ असतो आणि गडबड झाली की तो ताबा घेतो. एकाच उंचीवर इंग्रजी आठचा आकडा काढता आला आणि लागोपाठ दहा लँडिंग काही न मोडता झाली की मग रेसचं नाव काढा. मला पाच महिने लागले, एका शाळकरी पोराला सहा आठवडे.

विमान समोरून आपल्याकडे येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि सगळे तिथेच मार खातात. युक्ती सोपी आहे, जो पंख खाली पडलाय त्याच्या बाजूला स्टिक न्यायची, जणू खालून टेकू देतोय.

दर वेळी, न चुकता

बॅटरी लावल्यावर स्टिक उजवीकडे न्या, उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर गेलं पाहिजे. हे मी एकदा बघितलं नाही. नवीन सर्व्हो (ही पट्टी हलवणारी छोटी मोटर) बसवला होता, दिशा उलटी झालेली, विमान हातातून सुटलं आणि मी जितकं सावरत होतो तितकं ते आणखी कलत होतं, सगळं मिळून तीन सेकंद. त्याशिवाय बॅलन्स, म्हणजे पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्क्यांवर बोटं ठेवून विमान सपाट राहतंय का, मग रेंज चेक (लांबूनही रेडिओचं ऐकतंय का), आणि फेलसेफ: रेडिओ बंद केला की मोटर बंद पडलीच पाहिजे. प्रोपेलर काढून तपासा हे. बोटं महाग असतात.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी झोपताना चार्जिंगला लावू नका. चार्जिंग १सी वर, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर, आणि आठवडाभर उडवायचं नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. रेसमध्ये फुल थ्रॉटलला ३० अँपिअर जात असतील तर हीच बॅटरी ८० टक्के रिकामी व्हायला साडेतीन मिनिटं पुरतात, तेवढाच टायमर लावा.

आता वळण

काका जे म्हणाले त्याचा हिशोब मी नंतर कागदावर मांडला. दोन खांब, मध्ये १०० मीटर. मी दोन्ही खांबांना १५ मीटरवरून वळसा घातला तर एक लॅप साधारण २९४ मीटरचा, तुम्ही २५ मीटरवरून घातला तर ३५७ चा, म्हणजे दहा लॅपमध्ये तुम्ही ६०० मीटरपेक्षा जास्त फुकट उडालात. दोघांचा वेग ताशी ९० किमी धरला तर मी ११८ सेकंदांत, तुम्ही १४३ सेकंदांत. हा फरक मोटरने भरून काढायचा तर तुम्हाला १०९ किमीने उडावं लागेल, आणि हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्यासाठी जवळजवळ पावणेदोन पट ताकद हवी. घट्ट वळणात थोडा वेग मरतो, तो मी धरला नाहीये, पण तो धरला तरी पारडं वळणाकडेच झुकतं. तरी लोक मोटरच बदलत बसतात!

वळायचं कसं, तर एलेरॉनने विमान डावीकडे कलतं करायचं, एलेरॉन सोडायचं, मग एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) ओढायचा, आणि खांब सुटला की उलटं एलेरॉन देऊन सरळ. कल ६० अंशांचा असेल तर पंखांवर विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार येतो, ७५ अंशांना जवळजवळ चौपट. चौपट भार म्हणजे स्टॉलचा वेगही (ज्याच्या खाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो) दुप्पट, सरळ उडताना ३० ला पडणारं विमान तिथे ६० लाच पडतं, आणि पडताना कडकन एका पंखावर उलटतं. म्हणून एलिव्हेटर हिसकायचा नाही, दाबत दाबत ओढायचा, आणि पहिले महिने सगळं १५-२० मीटर उंचीवर करायचं.

सराव असा: आधी एकच खांब, त्याच्याभोवती एकाच उंचीवर गोल. मग दोन खांब. डावीकडचा खांब जड जातो, कारण तिथे विमान आपल्याकडे तोंड करून वळतं, त्याच्यासाठी वेगळे दिवस ठेवा. मोबाईलवर प्रत्येक लॅपची वेळ घ्या, आणि सगळ्यात फास्ट लॅप बघू नका, दहा लॅपमध्ये फरक किती पडतोय ते बघा.

मग कॉलर शोधा. हा माणूस तुमच्या मागे उभा राहतो आणि "वळ!" म्हणतो, कारण विमान खांबाच्या पुढे गेलं की नाही हे पायलटला लांबून कळतच नाही. ९० च्या वेगाने ०.४ सेकंदात विमान १० मीटर जातं, तेव्हा कॉलरने तेवढं आधीच ओरडायचं. माझी कॉलर माझी बायको आहे. वळायला उशीर झालेला तिच्याइतका चटकन कुणाला दिसत नाही.

शेवटी दुसऱ्या विमानासोबत, सुरुवातीला वेगवेगळ्या उंचीवर. आमच्याकडे पायलट खांबांच्या मार्गापासून ३० मीटर मागे, हेल्मेट घालून, आणि विमान पायलटच्या रेषेमागे आलं की थ्रॉटल शून्य, मग विमान मोडलं तरी चालेल. खांबाच्या आतून कट मारला तर एक लॅप जादा.

रेसच्या दिवशी

पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, उजाडल्या उजाडल्या पोचा, ऊन चढलं की वारा उठतो आणि घारीही. घार विमानामागे लागली तर तिच्याशी रेस लावू नका, खाली या. गवतावर दव असतं, सर्व्हो आणि रिसीव्हर ओले होऊ देऊ नका. मिसळ रेस संपल्यावर, आधी खाल्ली की हात जड होतात (हे माझं मत, काकांचं उलटं आहे).

आणि विमानावर मार्करने आपला मोबाईल नंबर लिहाच. शेजारी ऊस असतो, उसात गेलेलं विमान दहा फुटांवरून दिसत नाही. माझं एक पिवळं विमान असंच गेलं, दोन रविवार शोधलं, सोडून दिलं. ऊसतोड झाली तेव्हा शेतमालकांचा फोन आला, "दादा, इमान घावलंय तुमचं. येताना पेढे आणा."