‘वॉकिंग’ की ‘वॉकिन’? इंग्रजी समाजभाषाविज्ञानातला पहिला शोधनिबंध असा लिहा

समाजभाषाविज्ञानात, म्हणजे माणसांच्या गटांनुसार भाषा कशी बदलते याच्या अभ्यासात, ‘स्त्रियांचे आणि पुरुषांचे इंग्रजी’ एवढा मोठा विषय घेतला की नेमके मोजायचे काय, हेच ठरत नाही. त्याऐवजी शब्दाच्या शेवटचा एकच आवाज घ्या: बोलताना ‘वॉकिंग’चे कधी कधी ‘वॉकिन’ होते. संशोधक जॉन फिशर यांनी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या २४ मुलांच्या बोलण्यात हेच तपासले आणि १९५८ साली प्रसिद्ध केले. तुलनेसाठी पुढचे भरपूर अभ्यासही मिळतात.

ध्वनिमुद्रणासाठी अमेरिकेला जायला नको. ओहायो राज्यातल्या कोलंबसच्या ४० जणांच्या मुलाखती ‘बकाय कॉर्पस’ या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात संशोधनासाठी मोफत मिळतात. वक्ते निवडताना वय (तिशीच्या आतले, चाळिशीपुढचे) आणि लिंग यांचा समतोल राखला आहे; सामाजिक वर्गांची तशी विभागणी नाही. म्हणून प्रश्न वय किंवा लिंग यांपुरताच ठेवा.

आठ वक्ते पुरेत: प्रत्येक वयोगटातून दोन स्त्रिया, दोन पुरुष. पहिली दहा मिनिटे सोडा, कारण तेव्हा माणूस जपून बोलतो. मग प्रत्येकाची ४० उदाहरणे ओळीने घ्या. एकच शब्द तीनपेक्षा जास्त वेळा मोजू नका. ‘किंग’, ‘ब्रिंग’ वगळा, तिथे ‘इन’ होतच नाही. ‘गोइंग टू’चे ‘गॉना’ होते, तेही वगळा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ‘इन’ सापडले तेवढेच टिपून चालत नाही. जिथे ते होऊ शकले असते पण झाले नाही, ती प्रत्येक जागाही तक्त्यात हवी. नाहीतर टक्केवारी काढायला छेदच उरत नाही. तक्त्यात वक्ता, वेळ, शब्द, उच्चार आणि क्रियापद की नाम, एवढे रकाने ठेवा. शेवटचा रकाना गाळू नका: ‘मॉर्निंग’सारख्या नामांत ‘इन’ कमी येते, चालू काळाच्या क्रियापदांत जास्त.

मराठी कान इथे फसतो. आपण शेवटी ‘ग’ शोधतो, पण इंग्रजीत बहुधा तिथे नुसता ‘ङ्’ असतो. ‘ग’ आहे का, याकडे लक्ष देऊ नका. जीभ पुढे टेकली (न) की मागे (ङ्), ते ऐका. ‘प्रात’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवा. आठवड्याने ३२ उदाहरणे आधीच्या नोंदी न बघता पुन्हा ऐका. पाच-सहा ठिकाणी निर्णय बदलला, तर निकष सैल आहे. तो लिहून काढा आणि सगळे पुन्हा तपासा.

लिहायला सुरुवात पद्धतीपासून करा, प्रस्तावना शेवटी. गटाच्या सरासरीबरोबर प्रत्येक वक्त्याचा आकडा द्याच: एकाचे ४० पैकी ३४ आणि दुसऱ्याचे ६ असले तरी सरासरी ५० टक्केच दिसते, आणि तसे बोलणारे त्या गटात कुणीच नसते. पीटर ट्रडगिल यांनी इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात ६० जणांच्या मुलाखती घेऊन हाच आवाज अभ्यासला. तिथे स्त्रियांचे उच्चार प्रमाण रूपाकडे (‘इंग’कडे) अधिक झुकलेले होते. तुमच्या आकड्यांची तुलना त्याच्याशी करा, पण ‘अमेरिकन स्त्रिया असे बोलतात’ असे लिहू नका. ‘या चार स्त्रियांच्या बोलण्यात’ असेच लिहा.