जेयुनिट ४ वरून ५ वर जाताय? हिरवी टेस्ट दिसली की लगेच खूश होऊ नका

नोकरीला दीड वर्ष झालं होतं तेव्हा माझ्याकडे लॉगिन सर्व्हिसच्या इंटिग्रेशन टेस्ट (वेगवेगळे भाग एकत्र नीट चालतात का ते तपासणाऱ्या) जेयुनिट ४ वरून ५ वर न्यायचं काम आलं. जेयुनिट म्हणजे जावाचं टेस्टिंग फ्रेमवर्क. आमची सर्व्हिस ज्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कवर आहे त्याचं व्हर्जन वाढवायचं होतं आणि त्यांनी २.४ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२० मध्येच, टेस्ट स्टार्टरमधून व्हिंटेज इंजिन (जेयुनिट ५ सोबत जुन्या ४ च्या टेस्ट चालवणारा भाग) काढलंय, त्यामुळे हे आज ना उद्या करायचंच होतं. बिफोरचं बिफोरईच होतं, इग्नोरचं डिसेबल्ड, रनविथ जाऊन एक्सटेंडविथ येतं, ही यादी तुम्हाला कुठेही मिळेल आणि अर्ध्या दिवसात हाताला बसेल, तिचं टेन्शन घेऊ नका.

मी जिथे फसले ते सांगते, आणि जरा सविस्तरच सांगते कारण त्यानंतर दोन-तीन जणांना तिथेच अडकलेलं बघितलंय.

जेयुनिट ४ मध्ये असर्टला, म्हणजे उत्तर बरोबर आहे का ते तपासणाऱ्या ओळीला, मेसेज (टेस्ट पडली तर दिसणारं वाक्य) पहिला द्यायचा. ५ मध्ये तो शेवटी गेला. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. मी सगळ्या फाइल्समध्ये इम्पोर्ट फाइंड-रिप्लेस केले, बिल्ड लावला, चाळीसेक कम्पाइल एरर आले. असर्टट्रूचे आले, ऑर्डर आयडीसारख्या नंबरवाल्या व्हॅल्यूंचे आले. सगळे एकेक करून नीट केले आणि मला वाटलं की जिथे जिथे क्रम चुकलाय ते सगळं कम्पायलरने दाखवलं. इथेच घात झाला.

एक ओळ अशी होती: असर्टनॉटनल, त्यात पहिला मेसेज "रिफ्रेश टोकन यायला हवा", दुसरा रिस्पॉन्समधून काढलेला टोकन (पुन्हा पासवर्ड न मागता लॉगिन चालू ठेवणारा). टोकन ही स्ट्रिंग. मेसेजही स्ट्रिंग. जेयुनिट ५ ला पहिल्या जागी कुठलंही ऑब्जेक्ट चालतं आणि दुसऱ्या जागी मेसेज म्हणून स्ट्रिंग लागते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ओळ एकदम बरोबर. फक्त आता तो टोकन तपासतच नाही, माझं ते वाक्य नल, म्हणजे रिकामं, नाही ना एवढंच तपासतो. आणि वाक्य तर मीच लिहिलंय, ते नल कसं असणार? म्हणजे सर्व्हरने टोकन पाठवो न पाठवो, टेस्ट कायम पास. पुढे कोणीतरी लॉगिनचा कोड बदलला, रिफ्रेश टोकन यायचाच बंद झाला, पाइपलाइन हिरवीगार, आणि यूएटीमध्ये (रिलीजआधी युझर जिथे तपासतात तिथे) लोक दर तासाला लॉगआउट व्हायला लागले. शोधायला तीन दिवस गेले. ते तीन दिवस मला अजून आठवतात, रात्री झोप लागायची नाही.

असर्टइक्वल्समध्ये असं झालं तर टेस्ट फेल होते, कारण मेसेज आणि अपेक्षित व्हॅल्यू सारखी नसते, म्हणजे कळतं तरी. गप्प बसणारे तीन आहेत, असर्टनॉटनल, असर्टनॉटइक्वल्स आणि असर्टनॉटसेम. प्रोजेक्टभर सर्च मारा: या तीन नावांपुढे कंस आणि कंसानंतर लगेच डबल कोट. जे जे सापडेल ते डोळ्यांनी बघा. आमच्याकडे अकरा निघाल्या.

शॉर्टकटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फाइंड-रिप्लेस करू नका, अजिबात नको. ओपनरीराइट हे कोड आपोआप बदलणारं टूल आहे, त्याची रेसिपी मेसेजचा क्रमही बदलून देते, ती वापरा, पण तिने केलेला डिफ (काय काय बदललं ते) पूर्ण वाचा, कंटाळा आला तरी वाचा. आणि मेंटर बघून निवडा. एकाने मला "हिरवं आहे ना, मग मर्ज कर" म्हणून सोडून दिलं. नंतर आमची लीड शेजारी येऊन बसली आणि एवढंच विचारलं, "ही टेस्ट फेल होताना कधी बघितलीस का?" मग तिने सर्व्हिसमधली टोकन सेट करायची ओळ कमेंट करायला लावली. टेस्ट रन केली. हिरवी! पोटात गोळाच आला. तेव्हापासून हलवलेल्या प्रत्येक टेस्टसाठी मी कोड मुद्दाम एकदा मोडते, लाल बघते, मग पुढे जाते. वेळ जातो, मान्य आहे, मॅनेजरला एस्टिमेट देतानाच हा वेळ धरून सांगा.

आणखी एक. टेस्टकंटेनर्स १ (टेस्टसाठी डेटाबेस वगैरे कंटेनरमध्ये उभं करणारी लायब्ररी) वापरत असाल तर ते जेयुनिट ४ सोबत घेऊन येतं, त्यामुळे आयडीई टेस्ट अॅनोटेशनसाठी दोन इम्पोर्ट सुचवतं. चुकून जुनं निवडलं आणि व्हिंटेज नसेल तर ती टेस्ट चालतच नाही, एररही येत नाही. टेस्टनंतर साफसफाई करणारं आफ्टर जुनं राहिलं तर डेटाबेस साफ होत नाही आणि भलतीच टेस्ट पडते, तुम्ही तिकडेच शोधत बसता. म्हणून सुरू करायच्या आधी फेलसेफच्या (मेव्हनमध्ये इंटिग्रेशन टेस्ट चालवणारं प्लगइन) लॉगमधला टेस्टचा आकडा लिहून ठेवा.

नवीन असाल तर घाबरून हे काम नाकारू नका. एका दिवसात सगळं हलवायची सक्ती नसते, व्हिंटेज इंजिन स्वतःहून पॉममध्ये (मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) टाकलं की जुन्या-नव्या टेस्ट एकत्र चालतात. मी दुसऱ्या वेळी असंच केलं, रोज चार-पाच क्लास, रोज संध्याकाळी आकडा जुळवायचा. सुरुवातीला २१२ होत्या. व्हिंटेज काढलं त्या दिवशी आधी २०९ आल्या, जुन्या इम्पोर्टवाल्या तीन शोधल्या, मग २१२ झाल्या आणि तेव्हाच मर्ज केलं.