ह्यूगोत पोस्टची यूआरएल बदलताय? या चुका टाळा

ह्यूगो म्हणजे लिहिलेल्या फाइलींतून वेबसाइट बनवणारं सॉफ्टवेअर. मथळ्यातलं एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक मेली, असं माझं झालंय. कॉन्फिगमध्ये (साइटच्या सेटिंग्जच्या फाइलीत) पर्मालिंकला, म्हणजे पोस्टच्या पत्त्याच्या साच्याला, ‘स्लग’ (पत्त्यातलं पोस्टचं नाव) लावला होता, पण पोस्टच्या फ्रंट मॅटरमध्ये (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत) स्लग लिहिलाच नव्हता. अशा वेळी ह्यूगो गुपचूप मथळा उचलतो. मथळा बदलला की पत्ताही बदलतो. स्लग हाताने लिहा आणि पोस्ट टाकल्यावर त्याला हात लावू नका.

स्लग देवनागरीत चालतो का? चालतो. पण यूटीएफ-८ मध्ये (संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आपलं एकेक चिन्ह ३ बाइटचं, आणि लिंक कॉपी केली की टक्क्याच्या खुणेसकट प्रत्येक बाइटची ३ अक्षरं होतात. ‘पुरणपोळी’त उकार-वेलांट्या धरून ८ चिन्हं, लिंकमध्ये त्यांची ७२ अक्षरं! मी रोमनच ठेवतो. देवनागरीच हवी असेल तर ‘रिमूव्ह पाथ ॲक्सेंट्स’ सुरू करू नका. ती सोय फ्रेंचसारख्या भाषांतल्या अक्षरांवरच्या खुणा काढण्यासाठी आहे. आपले उकार, मात्रा आणि हलन्तही तिला तशाच खुणा वाटतात. वेलांटी आणि ‘पो’मधला काना-मात्रा वाचतात, पण पुरणपोळीची ‘परणपोळी’ होते.

फ्रंट मॅटरमधला ‘स्लग’ पत्त्याचा फक्त शेवटचा तुकडा बदलतो, ‘यूआरएल’ मात्र अख्खा पत्ता. मग कॉन्फिगमधला नियम त्या पोस्टला लागत नाही.

पत्त्यातून वर्ष-महिना काढताना जपून. दोन वर्षांच्या दिवाळी फराळाचा स्लग एकच असेल तर एक पोस्ट दुसरीवर लिहिली जाते आणि ह्यूगो चकार शब्द काढत नाही. बिल्ड करताना (फाइलींतून साइट तयार करताना) ‘प्रिंट पाथ वॉर्निंग्ज’ हा पर्याय द्या, मग बोलतो.

पत्ता बदललाच तर जुना फ्रंट मॅटरमधल्या ‘अलायसेस’मध्ये टाका, म्हणजे जुनी लिंक नव्या पत्त्यावर नेते. ते तपासण्याआधी तयार साइट जिथे जाते तो ‘पब्लिक’ फोल्डर उडवा. ह्यूगो तो स्वतःहून रिकामा करत नाही, त्यामुळे मागच्या बिल्डची फाइल उघडते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

सगळं बरोबर असूनही नव्या पोस्टला ४०४ (पान सापडत नाही) येतोय? तारीख बघा. सकाळी ९ ची वेळ टाइमझोनशिवाय लिहिली तर ह्यूगो ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो, म्हणजे आपले दुपारचे २:३०. तोवर ती पोस्ट त्याच्या लेखी भविष्यातली, म्हणून बिल्डमध्ये येतच नाही. कॉन्फिगमध्ये टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करा आणि पुन्हा बिल्ड मारा.