कोकणात सर्किट टिकवायचं तर या चुका टाळा

आमच्या विहिरीवरचा पंप टाकी रिकामी झाली की आपोआप सुरू व्हावा, म्हणून मी मे महिन्यात ऊनो (आर्डुइनोचा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) वापरून एक सर्किट बसवलं. महिनाभर काही तक्रार नव्हती. मिरग लागला आणि आठ दिवसांत सगळं उलटं झालं. टाकी कोरडी पडली तरी पंप गप्प, कधी भरल्या टाकीत पाणी चढतंय. तीन संध्याकाळ मी कोड तपासत बसलो. मग डबा उघडला. जंपर वायरच्या पिना काळ्या पडल्या होत्या, फ्लोट स्विचच्या (पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होऊन चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर होता. कोड जसाच्या तसा ठेवला, पिना बदलल्या, पंप चालू झाला.

काल चालणारं सर्किट आज बंद पडलं तर आधी मल्टिमीटर घ्या. कोड एका रात्रीत गंजत नाही.

ब्रेडबोर्डवरच (सोल्डर न करता वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीवर) प्रोजेक्ट कायमचा ठेवणं ही किनाऱ्यावरची सगळ्यात मोठी चूक. त्यातल्या स्प्रिंगच्या पकडीत खारी हवा शिरते आणि जोड सैल पडतो. चाचणी झाली की झीरो पीसीबीवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डावर, सोल्डर करा. सोल्डर केल्यावर राहिलेला चिकट फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढा, कारण तो दमट हवेत ओलावा धरतो आणि शेजारच्या दोन जोडांमधून करंट झिरपू लागतो. ऊनोच्या पिनचा आतला पुल-अप, म्हणजे स्विच उघडा असताना पिनला 5 व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर, 20 ते 50 किलोओहमचा असतो. ओल्या टर्मिनलमधला गळतीचा रोध तेवढा किंवा त्याहून कमी झाला, की उघडा स्विच जोडलेला असल्यासारखा वाचला जाऊ शकतो. म्हणून विहिरीपर्यंतच्या लांब वायरला बाहेरून 4.7 किलोओहमचा, जास्त जोराने ओढणारा पुल-अप लावा.

डबा पूर्ण हवाबंद करायचा मोह होतो. तो आवरा. उन्हाने आतली हवा तापून फुगते, सर पडली की आकसते आणि केबलच्या फटीतून दमट हवा ओढून घेते. मग झाकणाला आतून थेंब धरतात. वायर खालून आत घ्या, आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या म्हणजे पागोळीचं पाणी झोलावरून गळून जाईल, आणि तळाला एक बारीक भोक ठेवा. सिलिकॉन लावताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो सर्किटजवळ नको, त्यातलं अ‍ॅसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेली ट्यूब मागा.

मातीतला दोन काट्यांचा ओलावा सेन्सर सतत चालू ठेवला तर काटे झिजतात. रीडिंगपुरताच त्याला करंट द्या. त्यापेक्षा कपॅसिटिव्ह (मातीला धातू न लागणारा) सेन्सर घ्या, फक्त त्याच्या वरच्या टोकाचे सुटे भाग लाखेने झाका.

ईएसपी32 (वाय-फाय असलेला बोर्ड) वारंवार रीसेट होत असेल तर सीरियल मॉनिटर, म्हणजे बोर्डाचे मेसेज दाखवणारी संगणकावरची खिडकी, बघा. 'ब्राउनआउट डिटेक्टर' असा मेसेज दिसला तर वीज कमी पडते आहे. वाय-फाय सुरू होताना करंट एकदम वाढतो. बारीक यूएसबी वायर बदला, बोर्डाच्या अगदी जवळ 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. एचसी-एसआर04 या ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या सेन्सरची एको पिन मात्र थेट जोडू नका, ती 5 व्होल्ट देते आणि ईएसपीला 3.3 च चालतात. एक आणि दोन किलोओहमच्या दोन रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर पुरतो.

आता पंप. निळ्या रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्याने चालणाऱ्या स्विचवर) 10 अँपिअर छापलेलं असतं म्हणून त्यावर एक एचपीची मोटर थेट टाकू नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. रिलेचे पॉइंट चिकटले की पंप थांबत नाही, विहीर आटली तरी कोरडा फिरत राहतो. रिलेने कंटॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल चालवा, मोटर कंटॅक्टरवर. कॉइलला स्नबर (व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) लावला नाही तर प्रत्येक खटक्याला बोर्ड दचकतो. हे 230 व्होल्टचं काम एमसीबी पाडून आणि जाणत्या वायरमनला सोबत घेऊनच करा.

विहिरीकडे गेलेली लांब वायर आभाळातल्या विजेचा धक्का घरापर्यंत आणू शकते. मी तिला बोर्डाजवळ प्लग ठेवला आहे. परतीच्या पावसात दुपारी आभाळ भरून यायला लागलं की गडगडाट सुरू व्हायच्या आतच तो काढून ठेवतो.