आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, अंजनाचं बी गोळा करा

अंजनाच्या शेंगा आता वाळायला लागल्या आहेत. शेंग चपटी, पातळ, आणि बी एकच, तेही टोकाशी. वळवाचं वादळ सुटलं की सगळं उडून जातं, म्हणून त्याआधीच झाडाखाली ताडपत्री अंथरून फांद्या झोडून घ्या. दरवर्षी असा बहर येत नाही, चांगलं बी काही वर्षांतून एकदाच धरतं. तेव्हा शेजारच्या बांधावर झाड लगडलेलं दिसलं तर मागायला लाजू नका.

रोपांच्या नादी शक्यतो लागू नका. अंजन वर वाढायच्या आधी खाली जातं. वीतभर रोपाचं सोटमूळ पिशवीच्या तळाशी वेटोळं घालून बसतं आणि असं रोप लावणीनंतर रखडतं. त्यापेक्षा पहिला दमदार पाऊस झाला की रात्रभर भिजवलेलं बी जागेवरच टोका. एका आळ्यात दोन-तीन बिया, खोली अर्ध्या पेराएवढी. पुढे जोमदार एकच ठेवा. पहिली काही वर्षं झाड जागचं हलत नाही असं वाटेल, पण उपटून टाकू नका. तण काढा आणि काटेरी कुंपण करा, कारण शेळ्यांना हा पाला फार आवडतो.

जागा निवडताना तापीकाठची केळीची काळी जमीन सोडा. पाणी साचतं तिथे अंजन टिकत नाही. यावल, चोपडा, शिरपूरकडची सातपुड्याच्या पायथ्याची बरड, मुरमाड, दुसरं काही येत नाही अशी पट्टी त्याला चालते.

लाकूड काळपट तांबडं, देशातल्या सर्वांत कठीण आणि जड लाकडांपैकी एक. सुकलेल्या सागाचा घनफूट साधारण 18-19 किलो भरतो, अंजनाचा 30 च्या आसपास. तुकडा पाण्यात टाकला तर बुडतो. गाडीचे कणे, औतं, तेलघाणे, घराचे खांब, मेखा यांसाठी ते पूर्वीपासून वापरात आहे. गाभ्याबाहेरचं पांढरट लाकूड मात्र किडतं, ते तासून टाका. ओलं असतानाच चिरून घ्या आणि सावलीत सावकाश वाळवा, उन्हात टाकलं तर तडकतं. खिळा ठोकण्याआधी गिरमिटाने भोक पाडा, नाहीतर खिळाच वाकेल.

पाच-दहा वर्षांत पैसा हवा असेल तर हे झाड तुमच्यासाठी नाही, बांबू लावा. अंजन लाकडावर यायला एक पिढी जाते. तोवर पाला वैरणीला मिळतो, मात्र कोवळं झाड छाटू नका आणि मोठ्याचाही शेंडा राखा.

एक कागदी काम लक्षात ठेवा. 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत अंजन आहे. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. झाडं हाताशी लागली की तलाठ्याकडून सातबाऱ्यावर नोंद करून घ्या, म्हणजे पुढे मालकी सिद्ध करत बसावं लागणार नाही.